पारण्याचा विडा

औरंगाबाद,
७ मार्च १९६२

प्रिय नूरमोहम्मद,

ईद उद्यावर आली. आधी मुबारकबाद घे आणि मग माझ्या शिव्या ऐक.

परवा पारावर तू माझ्यापासून दहा हातांवर बसला होतास. तुझा रोजा, म्हणून पंगतीला नव्हतास, ते ठीक. पण डोळ्यांचा तर रोजा नव्हता ना? एक हाक मारली असतीस तर मी आज असा अंथरुणात तळमळत पडलो नसतो.

काय झालं ते पुन्हा लिहितो, कारण माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. शिवरात्रीच्या पारण्याचं गावजेवण झालं. नानासाहेब पाटलांनी मला गावचा पहिला प्रोफेसर म्हणून नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले. मला दुसरं काय येतं? कॉलेजात जे शिकवतोय तेच बोललो. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांची वीरगाणी. राजाच्या दिवाणखान्यात सगळे बाकांवर बसत, मधाची दारू फिरे, एखादा गडी उभा राहून सर्वांदेखत सांगे की अमक्या शत्रूला मीच आडवा करीन. एकदा बोलला की मेला तरी मागं फिरायचं नाही. राजा त्याला सोन्याचं कडं द्यायचा. शेवटी मी म्हणालो, "आपल्या बोरदरीच्या नावासाठी मीही कधी मागं हटणार नाही." टाळ्या पडल्या. मी बसलो. समोर पितळी तबकात एकच विडा होता. तोंड खिरीनं चिकट झालेलं. मला वाटलं, पाहुण्यासाठी ठेवलाय. खाल्ला.

सगळा पार उठून उभा राहिला, हलगी वाजायला लागली, आणि मी खुळ्यासारखा चहूकडे नमस्कार करत सुटलो. खरी गोष्ट मला एसटीत कंडक्टरनं सांगितली. "तुम्हीच का ते, हनुमान जयंतीच्या जत्रेत गंगापूरच्या बन्सी पैलवानाशी लढणार?"

अरे, आपण लहान होतो तेव्हा हा विडाबिडा काही नव्हता. पोलीस ॲक्शननंतर जत्रा पुन्हा भरायला लागली तेव्हा नानासाहेबांनी ही रीत काढली म्हणतात, की पारण्याला जो तबकातला विडा उचलील त्यानं जत्रेत लढायचं. मी तोवर गाव सोडलेलं, जत्रेला तेवढा येतो, पारण्याला ही पहिलीच खेप. मला कसं कळणार? मी एकतीस वर्षांचा, वजन एकशे बारा पौंड, डोळ्यांवर चष्मा. तू नानासाहेबांकडे जा आणि माझी फजिती न होईल अशा बेतानं मला सोडवून आण.

तुझा,
बद्रीनाथ


बोरदरी, ता. सिल्लोड,
१२ मार्च १९६२

अजीज दोस्त बद्री,

सलाम अन् रामराम. तुझ्या शिव्या ईदीच्या दुसऱ्या दिवशी पोचल्या. शीरखुर्म्यासंगट लई गोड लागल्या.

मी हाक मारनार होतो, पर तोंड उघडायच्या आत तू गिळला बी होता. जेवनाकडं तुझा हात पहिल्यापासून चपळ. माझं मराठी लिहिनं तुला ठावंच हाय, जसं बोलतो तसं लिहितो, तवा प्रोफेसरावानी चुका काढू नको.

नानासाहेबाकडं गेलो होतो. ते म्हणले, "विडा खाल्ला का खाल्ला. नसंल लढायचं तर पोटातून काढून तबकात ठेव म्हणावं."

आता दुसरी गोष्ट ऐक. आपला फकिरा वस्ताद. त्याची बायको सारजाबाई दिवाळीत गेली, तवापासून म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला होता. चार महिने उंबरा वलांडला नाय. माझी अम्मी रोज भाकर नेऊन द्यायची, तर अर्धी तशीच परत यायची. पारण्याच्या सांजंला मी सहज जाऊन म्हणलं, "वस्ताद, बद्रीनं विडा उचलला." म्हणला, "कोनता बद्री? आपला काडी पैलवान?" हाव म्हणलं. त्यानं तोंड इकडं केलं. हसला यार. मग म्हणला, "त्याला पट काढायचा मी शिकिवला होता, पर निम्माच. शिकायला शहरात पळालं लेकाचं. माझी काठी दे."

दुसऱ्या दिशी मी गेलो तर चालत तालमीपातूर आला. तवापासून रोज येतो. काल तर हौद्यातली माती उकरून त्यात ताक अन् हळद टाकायला लावली मला. जिनिंगात दिवसभर कापूस तोलायचा अन् सांजंला माती कालवायची, हे माझे हाल हायत.

तवा आता मागं सरू नको. दूध पी, बैठका काढ. पहिल्या दिशी वीस, मग रोज पाच वाढव. वहिनीला सलाम.

नूरमोहम्मद


औरंगाबाद,
२१ मार्च १९६२

प्रिय नूर,

तुझ्या नानासाहेबांना माझा दंडवत सांग.

बेगमपुऱ्यातल्या एका तालमीत जायला लागलोय. पहाटे, कुणी विद्यार्थी भेटू नये म्हणून मफलर गुंडाळून. तिथल्या वस्तादानं पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, कुणाशी भांडण झालंय का? पोरं पाठवू का दोन?" वीस बैठका झाल्या आणि मी दाराला धरून बसलो. घरी येताना जिना चढवेना. आवडा वरून बघत होती. म्हणाली, "लग्नाला सहा वर्षं झाली, हौदातून दोन बादल्या पाणी आणा म्हटलं की तुमची कंबर धरते. आता कुणासाठी एवढ्या उठाबशा?" सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारीण विचारायला आली. पण तेव्हापासून दूध बिनपाण्याचं मिळतंय.

खरं सांगू? मला भीती वाटते. मार खायची तर वाटतेच, पण जास्त भीती ही की मी आयत्या वेळी येणारच नाही. मी स्वतःला ओळखतो. पोलीस ॲक्शनच्या वेळी गावाकडं यायला हवं होतं, तेव्हा मी इथं खोलीला कडी लावून बसलो होतो. वर्गात शौर्य शिकवायला मला कधी अडचण आली नाही.

वर्गात परवा गंमत झाली. जमिला नावाची एक हुशार मुलगी आहे. ती म्हणाली, "सर, या कवितेतला वीर मनगटाच्या जोरावर लढतो, आणि जिंकला की कवी म्हणतो देवानं जिंकवलं. मग नेमकं जिंकलं कोण?" प्रश्न बिनतोड आहे. ही गाणी मूळची जुन्या दैवतांना मानणाऱ्यांची. त्यांचे वीर दैवावर हवाला ठेवून लढायचे, मागं उरायचं ते फक्त नाव. पुढं ती उतरवून घेतली ख्रिस्ती मठातल्या साधूंनी. त्यांनी जागोजागी देव घातला. ठिगळ कळतं. पुस्तकं म्हणतात, साधूंनी काव्य बिघडवलं. मी जमिलाला म्हणालो, पुढच्या आठवड्यात सांगतो. सांगू काय, ते मात्र मलाच माहीत नाही. वस्तादांना विचार बरं. आपण हौद्यात उतरताना मारुतीच्या पाया पडायचो, तू वर बिस्मिल्ला म्हणायचास. जिंकायचं कोण?

तुझा,
बद्री


बोरदरी,
२७ मार्च १९६२

बद्री,

तुझा सवाल वस्तादला तालमीतच इचारला. काठी आपटून म्हणला, "देव हौद्याच्या काठापातूर येतो. आत आपल्यालाच उतरावं लागतं. अन् वर आल्यावर मी जिंकलो म्हणलं तर पोरं माजत्यात, म्हणून देवाचं नाव घ्यायचं." झालं तुझ्या पोरीचं उत्तर. फी पाठवून दे.

पर त्या साधूचं मला वेगळंच वाटतं. माझी अम्मी, जैतुनबी, तुला ठावं हाय कशी हाय ती. सारजाबाई गेली तवापासून नमाजनंतरच्या दुवात तिचं नाव घेती. कुनीतरी म्हणलं, "चाची, ती आपल्यातली नव्हती, तिच्यासाठी असं मागता येत नाय." तर म्हणली, "पस्तीस वर्षं आम्ही एका जात्यावर दळलं. अल्लासंगं माझं मी बोलते, तुम्ही मधी पडू नका." मला वाटतं तो साधू बी आमच्या अम्मीवानीच असंल. त्याचे आजे-पणजे शूर होते, पर त्याच्या देवाला वळखत नव्हते. मग त्यांचं पुढं कसं व्हायचं, ही त्याला काळजी. म्हणून त्यांच्या तोंडी देवाचं नाव घालून दिलं. खोटं लिव्हलं, पर मायेनं लिव्हलं.

तू कडी लावून बसल्याचं लिव्हलंस. त्यावर एक सांगतो, जे आजवर तुला सांगितलं नाय. आपल्यात ते बोलनं कधी निघालंच नाय. अठ्ठेचाळीसच्या त्या सप्टेंबरात आसपासच्या गावांतून काय काय खबरा येत होत्या. आमच्या गल्लीत मुसलमानांची सात घरं. पहिल्या दिशी दुपारी फकिरा वस्ताद त्याची बाज डोक्यावर घेऊन आला, गल्लीच्या तोंडावर आडवी टाकली अन् बसला. चार दिवस, चार रात्री. परगावची मान्सं आली, इचारलं, इथं कामून बसला? म्हणला, "घरात लई उकडतंय." दुसऱ्यांदा आली तवा बी तेच म्हणला. हातात काय नव्हतं, बाजेखाली निस्ता पान्याचा तांब्या. मान्सं त्याच्याकडं बघायची अन् जायची. आजपातूर त्यानं याच्यावर एक शब्द काढलेला नाय. आम्ही बी नाय.

तुझे ते वीर आधी बोलायचे अन् मग करायचे. आमचा निस्ता उकडतंय म्हणायचा.

तू पंचवीसचाच होता, लेकरूच, असं म्हणनार होतो, पर हिशोब केला तर सतराचा होता. म्हणजे अजूनच लेकरू. सोड ते.

नूर


औरंगाबाद,
५ एप्रिल १९६२

प्रिय नूर,

आज पाडवा. गुढी उभारली आणि लिहायला बसलो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आवडाला वाचून दाखवताना बाजेपाशी येऊन थांबलो. तिनंच हातातून घेऊन पुरं केलं. चौदा वर्षं मी जत्रेला येत होतो, वस्तादांच्या पाया पडून खिशातलं पेपरमिंट त्यांना देत होतो, आणि मला काहीच माहीत नव्हतं. तुझ्यावर रागवावं की काय करावं कळत नाही.

वर्गात मी तुझा साधू आणि तुझी अम्मी दोन्ही सांगून टाकलं, नाव न घेता. बाज सांगितली नाही. ती वस्तादांची आहे. जमिला म्हणाली, "सर, हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हणालो, सिल्लोडच्या एका विद्वानाचं मत आहे. तिनं वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत लिहिलं तर परीक्षक बुचकळ्यात पडणार.

नव्वद बैठका होतात. मंगळवारी शहागंजात तुझा भाऊ गयास भेटला, लंगोटाचं कापड घ्यायला आला होता. चहा घेतला. पोरगं चांगलं तयार झालंय, खांदे बघून बरं वाटलं.

तुझा,
बद्री


बोरदरी,
१० एप्रिल १९६२

बद्री,

हे पत्र वाचून मला काय बोलायचं ते बोल, पर पुरं वाच.

मी तुला फशिवलं. नानासाहेबानं तुला पारण्याच्याच सांजंला सोडलं होतं. वस्तादला सांगून मी पाटलांकडं गेलो तवा ते हसून हसून खोकत होते. म्हणले, "अरे, मास्तरला खायचा विडा अन् लढायचा विडा कुठला कळायला? त्याचं मनावर घेऊ नका." लगेच दुसरा विडा लावला अन् आमच्या गयासनं उचलला. पोटातून काढायचं ते बोलनं माझं. गयास तुला भेटला हे वाचून मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, पर तू काय लिव्हलं नाय, म्हणजे त्यानं तोंड उघडलं नसंल.

मी कामून केलं ते तुला कळंल. हे सांगायला मी वस्तादच्या घरी परत गेलो तवर त्यो काठी घेऊन उभा होता. आता बद्री येनार नाय असं कसं सांगू? सांगितलं असतं तर पुन्हा भिंतीकडं वळला असता. म्हणलं, चालतंय तवर चालू दे.

पर आता मला झोप नाय. बन्सीनं परवा एका जत्रंत एका गड्याचा खांदा उतरविला. तू नव्वद बैठका काढतो अन् त्यो रोज हजार. तुला काय झालं तर वहिनीला तोंड दाखवता येनार नाय. तू येऊ नको. कॉलेजातून सुट्टी नाय म्हणून कार्ड टाक, मी वस्तादला वाचून दाखवतो. शिव्या मी खातो.

माफ कर.

नूर


(पोस्टकार्ड)

औरंगाबाद, १४ एप्रिल

नूर, गयासनं चहा पितानाच सांगितलं होतं. "सर, आता तुमच्या जागी मीच हाय, तुम्ही निवांत बघायला या," म्हणाला. त्याला मीच गप्प राहायला सांगितलं. जत्रेच्या दिवशी सकाळच्या एसटीनं येतो. वस्तादांना काही बोलू नकोस. आणि सुट्टी मिळाली आहे, कॉलेजला विनाकारण बदनाम करू नकोस.

बद्री


औरंगाबाद,
२३ एप्रिल १९६२

प्रिय नूर,

डावा हात गळ्यात बांधलाय, उजव्यानं लिहितोय. हाड शाबूत आहे, नुसता मुका मार. आवडा रोज हळदीचा लेप लावते आणि तुझं नाव घेते. कसं घेते ते लिहीत नाही.

तू काठावर वस्तादांच्या शेजारी होतास, तुला सगळं दिसलं. आत काय झालं ते मात्र तुला माहीत नाही. सलामी देताना बन्सी हळूच म्हणाला, "सर, चष्मा." मी चष्मा काढून नानासाहेबांकडे दिला. मग म्हणाला, "लागणार नाही असा टाकतो तुम्हाला." माणूस गुणाचा आहे. मोह झाला, नाही म्हणत नाही. पण मी म्हणालो, "नको. गड्याशी लढतोस तसा लढ." त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि माती उचलून माझ्या खांद्याला लावली.

मी त्याचा पाय धरला होता. तू पाहिलंस का? निम्मा पट, पण धरला. वस्तादांचा आवाज सगळ्या हलगीच्या वर ऐकू आला, "सोडू नको लेका." मी सोडला नाही. पुढं आभाळ दिसलं. हलगीवाला म्हणतो, दोन मिनिटं. मला वाटलं, अख्खा अभ्यासक्रम संपला.

वर आल्यावर पाठीची माती झाडायला लागलो, तर वस्तादांनी हात धरला. म्हणाले, "राहू दे. घरी जाईपर्यंत राहू दे." एसटीत लोक माझ्यापासून लांब सरकून बसले होते. मी तसाच घरी आलो.

गयासनं नंतर बन्सीशी कुस्ती बरोबरीत सोडवली, ते कंडक्टरकडून कळलं. मला थांबता आलं नाही, दुसऱ्या दिवशी पेपरांचे गठ्ठे द्यायचे होते. त्याला माझी शाबासकी सांग.

वर्गात आज हात बघून कुणी हसलं नाही. बातमी पोचली होती. जमिलानंच विचारलं, "सर, हरलेल्यावर ते लोक गाणी करायचे का?" मी म्हणालो, जास्त करून त्यांच्यावरच. राजा पडलाय, लढाई हातची गेलीय, घरी जायची वाट मोकळी आहे, तरी जे मेलेल्या धन्याशेजारी उभे राहिले, त्यांच्यावर. आजवर हे मी नोट्समधून सांगायचो.

तू विचारशील, सुटलो होतो तर आलो कशाला. तो माणूस चार दिवस बाजेवर बसला होता. मला त्याच्यासमोर दोन मिनिटं उभं राहता आलं नसतं, तर पुढं शिकवायचं काय?

तुझ्यावरचा राग गेला. गेला म्हणजे, हात बरा होईपर्यंत थोडा ठेवतो.

तुझा,
बद्री


बोरदरी,
२९ एप्रिल १९६२

बद्री,

तुझा पट पाहिला. निम्मा नाय, पाऊन होता.

आता ऐक. जत्रा झाली, मला वाटलं, संपलं. आता वस्ताद पुन्हा भिंतीकडं वळनार. दुसऱ्या दिशी सकाळी भीत भीत त्याच्या घरी गेलो. अंगनात बसून अम्मीनं दिलेली भाकर खात होता. पुरी खात होता. मला राहवलं नाय. पाय धरले अन् सगळं कबूल केलं. बद्री सुटला होता, मी तुमच्याशी खोटं बोललो, त्याच्याशी बी खोटं बोललो, अन् त्यो सगळं कळून बी आला.

म्हाताऱ्यानं घास संपविला, पानी पिला. मग म्हणला, "नानासाहेब त्याच रात्री येऊन मला सांगून गेला होता. मास्तरला सोडलाय म्हणून."

मी म्हणलं, "मग महिना-दीड महिना रोज तालमीत कामून आलाव? बद्री तर येनारच नव्हता."

म्हणला, "दुसऱ्या दिशी तू आला. बद्री असं करतो, बद्री तसं करतो, एवढं रंगवून सांगाया लागला. म्हणलं, हे पोरगं माझ्यापायी इतकं खोटं बोलतंय अन् मी काय झोपून ऱ्हायचं? उठलो."

मी रडलो यार. खोटं कशाला सांगू? तर म्हणतो कसा, "रडू नको, भाकर खारट व्हईल."

गयासला जत्रंच्या इनामाचं कडं मिळालं नाय, बरोबरीला देत नसत्यात. त्याला त्याचं काय नाय. हलगीवाल्यानं तुझ्यावर चार ओळी जुळविल्यात, त्यात तू बन्सीला दहा मिनिटं धरून ठिवलं असं हाय. मी दुरुस्त केलं नाय.

आज सकाळी जिनिंगात जायच्या आधी तालमीकडं चक्कर टाकली. जत्रा सरून दहा दिस झाले, आता कुनाची कुस्ती नाय, कुनाला दाखवायचं नाय. तर वस्ताद माझ्या आधी आलेला. काठी भिंतीला टेकवली होती अन् एकटाच वाकून हौद्यातली माती उकरत होता.

नूर